आधारचं बायोमेट्रिक लॉक: घरातल्या सगळ्यांचं लावून बरेच महिने झाल्यावरचा अनुभव

आधारचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे बोटं, डोळे, चेहरा यावर आधार तपासणं बंद करून ठेवायची सोय, लावून आता बरेच महिने झालेत, माझं, बायकोचं आणि गावाकडे कराडजवळ आई असते तिचंपण. म्हटलं आता नीट लिहूया, कारण लॉक कसं लावायचं ते सगळे सांगतात पण लावल्यावर रेशनच्या दुकानात काय होतं, सिम घेताना काय होतं, म्हाताऱ्या माणसाला ते झेपतं का, हे कुणी सांगत नाही, आणि खरी अडचण तर तिथेच असते.

आधी लावलं का ते सांगतो. जून २०२३ मध्ये ते टेलिग्रामवरच्या बॉटचं (आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमचं) प्रकरण आलं होतं आठवत असेल, मोबाईल नंबर टाकला की लस घेताना दिलेला आधार, पॅन, पासपोर्ट नंबर समोर येत होता. सरकारने लसीकरणाचं कोविन पोर्टल सुरक्षित आहे असं सांगितलं. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिसिक्युरिटी नावाच्या अमेरिकन कंपनीने सांगितलं की ८१.५ कोटी भारतीयांची आधार-पासपोर्टसह माहिती डार्क वेबवर विकायला ठेवलीय. तेव्हापासून मी एकच धरून चाललोय, आपला आधार नंबर बाहेर गेलेला आहे. गेला नसेल तर उत्तम, पण गेलाय असं समजूनच पुढचं सगळं करायचं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, कार्ड ब्लॉक करून नवीन मिळतं, आधार नंबर मात्र जन्मभर तोच आणि अंगठाही तोच.

आणि नुसत्या नंबरने काय होतंय असं वाटत असेल तर एईपीएस समजून घ्या, म्हणजे गावात ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे काढतात ते. त्याला लागतं काय, बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा. ओटीपी नाही, पिन नाही, कार्ड नाही. खातं आधारला लिंक असलं की बहुतेक वेळा ही सोय आपण न मागताच चालू असते. आता अंगठा चोर कुठून आणणार? तर जमिनीच्या खरेदीखतावरून. दस्तावर आपले ठसे असतात, सोबत आधारची झेरॉक्स असते, आणि काही राज्यांत हे दस्त स्कॅन होऊन वेबसाइटवर दिसत होते. तेलंगणात २०१८ मध्येच एका सिम विकणाऱ्याने असे ठसे उतरवून त्यांचे रबरी अंगठे बनवले आणि हजारो सिम चालू केली होती. नंतर हरियाणा, आंध्र, बंगळुरू, कोलकाता, सगळीकडून लोकांच्या खात्यातून पैसे गेल्याच्या केसेस आल्या. २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने खरं बोट आणि नकली ठसा ओळखणारी नवीन तपासणी आणली, चांगलं केलं, पण मला माझ्या बाजूचा दरवाजासुद्धा बंद हवा होता. आईचं तर जास्तच, वडिलांच्या मागे जी फॅमिली पेन्शन येते ती त्याच खात्यात, आणि गावातल्या जमिनीच्या दस्तावर तिचे अंगठे आहेत.

लॉक लावायला काही नाही, मायआधार वेबसाइट किंवा आधारचं अ‍ॅप, आधार नंबर, ओटीपी, झालं. पैसे लागत नाहीत. अट एकच, मोबाईल नंबर आधारला जोडलेला पाहिजे आणि तो चालू पाहिजे. आईच्या आधारला कधीकाळचा भावाचा नंबर होता, तो कधीच बंद पडलाय. तिला आधार केंद्रावर नेऊन ७५ रुपये भरून तिचा स्वतःचा नंबर घातला, मगच पुढचं जमलं. तुमच्या घरातल्या मोठ्यांचं हे आधी तपासा बरं का, कारण खूप जणांचे नंबर मुलाचे, पुतण्याचे किंवा सेवा केंद्रवाल्याने सुचेल तो घातलेले असतात, आणि ज्याच्याकडे तो नंबर त्याच्याकडे ओटीपी.

लॉक लागलं की बोटं, डोळे, चेहरा तिन्ही बंद. ओटीपीवर चालणारं सगळं मात्र चालूच राहतं, त्यामुळे इन्कम टॅक्स, डिजिलॉकर, ओटीपीवरचं ई-केवायसी यात आम्हाला काहीच फरक पडला नाही. शहरात राहणाऱ्या माणसाला लॉक आहे हे आठवतसुद्धा नाही. मला आठवलं ते नवीन सिम घेताना, दुकानदाराच्या मशीनवर ३३० नंबरचा एरर आला, त्याला वाटलं बोट कोरडं आहे, तो म्हणे जरा पुसून लावा साहेब. ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक आहे. तिथेच मोबाईलवर तात्पुरतं उघडलं, काम झालं, आणि दहा मिनिटांनी ते आपोआप परत बंद होतं. हे मला फार म्हणजे फार आवडलं, कारण काम झाल्यावर लॉक लावायचं लक्षात ठेवावं लागत नाही.

गावाकडे मात्र गोष्ट वेगळी आहे आणि हे स्पष्ट लिहायलाच हवं. आईला दर महिन्याला रेशनसाठी ई-पॉस मशीनवर अंगठा द्यावा लागतो. पहिल्या महिन्यात तिने लाईनीतून फोन केला, "अरे, अंगठा घेत न्हाय म्हणतोय, मागं लोकं थांबल्यात." मी पुण्यातून उघडू शकत होतो पण ओटीपी तिच्या फोनवर येणार, तो तिने वाचून मला सांगणार, आणि गल्लीत रेंज नसली की सगळंच अडलं. शिवाय फोनवर ओटीपी सांगायचा नाही हे मीच तिला शंभरदा बजावलेलं, मग मलाच कसा सांगणार ती? शेवटी तिच्या फोनमध्ये अ‍ॅप घातलं, शेजारच्या काकूंच्या मुलीने तिला दोनदा समोर बसून करून दाखवलं, आता दुकानात निघायच्या आधी ती ओट्यावर बसून स्वतः उघडते. पण लाईन मोठी असली की दहा मिनिटं पुरत नाहीत, तिथेच परत करावं लागतं. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरमधल्या जीवन प्रमाणला (हयातीच्या डिजिटल दाखल्याला) पण हेच, अंगठा द्या नाहीतर चेहरा, आधी लॉक उघडायचं. ज्यांना स्मार्टफोन अजिबात जमत नाही आणि दर आठवड्याला अंगठ्यावर पैसे काढावे लागतात अशा माणसाला मी लॉक लावा म्हणून सांगणार नाही, त्यांचे हाल होतील. त्यांच्यासाठी मोठी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणं आणि ते खातं एईपीएसला न जोडणं हे जास्त कामाचं आहे.

एक गोंधळ खूप जणांचा होतो तो सांगतो. बायोमेट्रिक लॉक वेगळं आणि आधार नंबर लॉक वेगळं. नंबर लॉक केला की तुमचा १२ अंकी नंबर कुठेच चालत नाही, ओटीपीलासुद्धा नाही, फक्त १६ अंकी व्हर्च्युअल आयडी, म्हणजे आधार नंबरऐवजी द्यायचा पर्यायी नंबर, चालतो. आणि तो हरवला तर आधारच्या १९४७ नंबरवर एसएमएस करून परत मागवावा लागतो. मी हे माझ्यासाठी करून बघितलं आणि काढून टाकलं, रोजच्या कामात फार अडतं. बायोमेट्रिक लॉक ठेवा, व्हर्च्युअल आयडी जिथे चालेल तिथे द्या, बस.

याच्या जोडीला मास्क्ड आधार वापरायला सुरुवात केली, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. यात अडचण सॉफ्टवेअरची नाही, माणसांची आहे. एका हॉटेलच्या काउंटरवर "हे चालत नाही, पूर्ण नंबर लागतो" यावर बराच वाद झाला, शेवटी ड्रायव्हिंग लायसन्स दिलं. लोकांचा तरी काय दोष, मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्याच बंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड द्या असं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतलं, मग समोरच्याने काय समजायचं? तरी माझा अनुभव असा की शांतपणे आग्रह धरला तर बऱ्याच ठिकाणी घेतात. आणि हो, डाउनलोड केलेल्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, म्हणजे जो तुम्हाला ओळखतो त्याला तो माहीतच आहे. पूर्ण नंबरवाली फाइल सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाडेकरूची माहिती म्हणून टाकतात ना, ते बघून जीव तुटतो माझा.

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ऑथेंटिकेशन हिस्टरी. मागच्या सहा महिन्यांत तुमचा आधार कुणी, कधी, कशाने तपासला, ओटीपीने की बोटाने, हे सगळं तारीख-वेळेसकट दिसतं, पन्नास नोंदींपर्यंत. मी दर महिन्याला आईची पण बघतो. तिच्या यादीत एकदा अंगठ्याचा अपयशी प्रयत्न दिसला तेव्हा पोटात गोळाच आला होता, नंतर तारीख जुळवली तर ते रेशनचंच निघालं. पण समजा ते रेशनचं नसतं तर? लॉक नसतं तर तिथे "यशस्वी" असं लिहून आलं असतं. असं काही दिसलं तर बँकेत लेखी तक्रार, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन, आणि तेही लगेच, कारण रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे चूक बँकेची असेल तर ग्राहकावर बोजा येत नाही, आणि तिसऱ्याच कुणाची असेल तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तरच तो पूर्ण टळतो.

मी लॉक काढणार नाही, आईचं पण नाही, आता तिलाच ते काढायचं नाहीये. पाचपैकी चार देईन. एक कापला तो एवढ्यासाठी की खात्याला आधार जोडताना एईपीएस हवं की नको हे प्रत्येक बँकेने फॉर्मवरच विचारायला पाहिजे, आणि सोय ज्याने मागितली त्यालाच चालू करून द्यायला पाहिजे. आमच्या बँकेच्या शाखेत बंद करून मागितलं तर काउंटरवरच्या मॅडमना असा अर्ज असतो हेच माहीत नव्हतं, साध्या कागदावर लिहून पोच घेतलीय, पुढे काय होतं ते इथेच अपडेट करतो.