डोरले घेतले, हिऱ्यांची चमकी ठेवून आलो : आर्वीतील एका सराफी दुकानाविषयी

मुलाच्या लग्नासाठी यंदाच्या कापसाच्या पैशातून आम्ही आर्वीच्या बाजारातील एका जुन्या सराफी दुकानात सूनबाईंचे डोरले घेतले. वजन आमच्यासमोर झाले, घडणावळ बिलात वेगळी लिहून मिळाली आणि दागिन्यावरील अक्षरे-अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी हा हॉलमार्कचा ओळख क्रमांक मोबाईलवर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून दुकानदारांनी शुद्धता पडताळून दाखवली. सोन्याच्या व्यवहारासाठी हे दुकान मी कोणालाही निःशंकपणे सुचवीन.

प्रश्न आला तो नाकात घालायच्या सात हिऱ्यांच्या चमकीपाशी. बिलावर ‘संघर्षमुक्त हिरे’, म्हणजे ज्यांच्या पैशावर लढाई पोसली गेली नाही असे हिरे, अशी छापील ओळ होती. हे खडे कोणत्या खाणीतले, असे विचारल्यावर दुकानदार म्हणाले, “गुरुजी, सुरतेच्या मांगचं मले नाही माहीत.” थाप न मारता त्यांनी हे सांगितले, याचे मला मोल वाटते.

मी विचारले त्याला कारण आहे. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ या यादवीच्या काळात आरयूएफ या बंडखोर संघटनेने कोनो जिल्ह्यातील हिरे शेजारच्या लायबेरियामार्गे विकून शस्त्रे मिळवली आणि त्या लढाईशी काही देणेघेणे नसलेल्या गावकऱ्यांचे हात कोयत्याने तोडले. तेथील हिरे नदीकाठच्या गाळात सापडतात. ते काढायला फावडे, चाळणी आणि बंदुकीच्या धाकाने राबवलेली माणसे एवढे पुरते, आणि लाखोंचा माल खिशात घालून सीमा ओलांडता येते. म्हणूनच अशा जमिनीवर ज्यांची घरे-शेते असतात, त्यांना हुसकावणे किंवा दहशतीखाली ठेवणे हाच टोळ्यांचा धंदा होऊन बसतो.

यावर उपाय म्हणून २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया या हिऱ्यांच्या व्यापारासाठी देशांनी मिळून केलेल्या व्यवस्थेचे प्रमाणपत्र आले. परंतु त्यातील व्याख्येनुसार, कायदेशीर सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारे कच्चे हिरे तेवढेच दोषी ठरतात. २००८ मध्ये झिम्बाब्वेतील मारांगे येथे सरकारी सैन्यानेच हेलिकॉप्टरमधून हिरे खणणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या; ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेच्या मते २०० हून अधिक माणसे मारली गेली. मारणारे बंडखोर नव्हते, म्हणून ते हिरे व्याख्येबाहेर राहिले. काही काळ निर्यात थांबली, पण २०११ मध्ये तिला पुन्हा परवानगी मिळाली. शिवाय हे प्रमाणपत्र कच्च्या हिऱ्यांच्या पाकिटाबरोबर असते. जगातील दहांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या सुरतेत बारीक खडे आकार आणि रंग पाहून एकत्र केले जातात, त्यामुळे चमकीतील सात खडे सात ठिकाणचे असू शकतात. बिलावरची ती ओळ म्हणजे व्यापाऱ्याने पुढच्या व्यापाऱ्याला दिलेला शब्द आहे.

सोन्याचेही पूर्ण समाधान झाले असे म्हणवत नाही. एचयूआयडी शुद्धता सांगतो, खाण सांगत नाही, आणि सुदानच्या दारफूर भागातील जबेल आमीर येथील खाणींच्या सोन्यावर आरएसएफ हे तेथील सशस्त्र दल पोसले गेले आहे. म्हणून डोरल्यासाठी आम्ही घरातले आजीचे जुने सोने मोडीत दिले आणि कमी पडले तेवढेच नवीन घेतले. मोडीचा भाव देताना दुकानदारांनी घट किती धरली, तेही लिहून दिले.

चमकी मात्र काउंटरवरच ठेवून आलो. सुरतेच्या व्यापाऱ्याकडून खाणीची माहिती लेखी मागवतो, असे दुकानदारांनी कबूल केले आहे. त्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाने त्यांना तीच माहिती मागावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.