मेव्हन आणि कंपनीचा प्रॉक्सी: प्रत्येकाच्या मशीनवर सेटिंग करायचं की मधे नेक्सस ठेवायचं?

मेव्हन हे जावा प्रोजेक्टचा बिल्ड करणारं आणि लागणाऱ्या लायब्ररी इंटरनेटवरून आणणारं टूल, आणि प्रॉक्सी म्हणजे कंपनीतून इंटरनेटवर जाताना मधे असलेला सर्व्हर. या प्रॉक्सीमागे मेव्हन चालवायचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येक जण आपल्या सेटिंग्ज फाइलमध्ये प्रॉक्सीचा पत्ता, पोर्ट, युजरनेम आणि पासवर्ड लिहितो. दुसऱ्यात टीमसाठी नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी, म्हणजे लायब्ररींच्या प्रती साठवणारा सर्व्हर, उभारतात, फाइलमध्ये फक्त मिररचा म्हणजे त्या सर्व्हरचा पत्ता राहतो आणि बाहेर जायचं काम तो एकच सर्व्हर करतो.

पहिला दहा मिनिटांत होतो, कुणाची परवानगीही लागत नाही. मात्र टर्मिनलमधलं प्रॉक्सीचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मेव्हन ३ वाचत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. प्रॉक्सीतून वगळायच्या होस्टच्या (सर्व्हरच्या पत्त्यांच्या) यादीत स्वल्पविराम चालत नाही, उभी रेघ लागते.

खरा त्रास पासवर्डचा. एकदा मी कंपनीचा पासवर्ड बदलला आणि फाइलमध्ये जुनाच राहिला. बिल्डने त्याच पासवर्डने इतक्यांदा दार ठोठावलं की माझं अकाउंटच लॉक झालं, तेही रिलीजच्या दिवशी. अकाउंट सुटलं, पासवर्ड सुधारला, तरी बिल्ड पडतच होता. फसलेलं डाउनलोड मेव्हन लक्षात ठेवतो. ‘वजा कॅपिटल यू’ हा पर्याय देऊन, म्हणजे पुन्हा तपासायला लावून, चालवल्यावर गाडी पुढे सरकली. पासवर्डमध्ये ‘अँड’चं चिन्ह असेल तर एक्सएमएलमध्ये ते एस्केप करावं लागतं, हेही ध्यानात ठेवा.

प्रॉक्सी एचटीटीपीएसची वाहतूक उघडून तपासत असेल तर जावाला त्याचं सर्टिफिकेट ओळखीचं नसतं आणि ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ हा एरर येतो. साध्या एचटीटीपीची पळवाटही उरलेली नाही, मेव्हन सेंट्रल या लायब्ररींच्या मुख्य सार्वजनिक भांडाराने ती १५ जानेवारी २०२० पासून बंद केली. मग कंपनीचं रूट सर्टिफिकेट कीटूल या कमांडने जेडीकेच्या (जावाच्या इन्स्टॉलेशनच्या) ट्रस्टस्टोअरमध्ये, म्हणजे विश्वासू सर्टिफिकेटच्या यादीत, घालायचं. पहिल्या मार्गात हे प्रत्येक मशीनवर करायचं आणि नवा जेडीके टाकला की बहुतेक वेळा पुन्हा. नेक्सस असेल तर बाहेरच्या जगासाठीचं सर्टिफिकेट त्या एका सर्व्हरवर घातलं की झालं. शिवाय जार, म्हणजे लायब्ररीची फाइलही बाहेरून एकदाच येते. प्रॉक्सी तासभर बसला तरी आधी आणलेल्या जारवर सगळ्यांचं काम चालू राहतं.

नेक्ससला सांभाळणारा माणूस मात्र हवाच. डिस्क भरली की अख्ख्या टीमचे बिल्ड अडकतात.

एकटेच असाल किंवा काम दोन-तीन महिन्यांचं असेल, तर पहिला मार्ग पुरे. जेनकिन्स, म्हणजे आपोआप बिल्ड चालवणारा सर्व्हर, आला की दुसराच घ्या. सामायिक सर्व्हरवर एका माणसाचा पासवर्ड ठेवणं मला अजिबात पटत नाही. मेव्हन तो एन्क्रिप्ट करून देतो खरा, पण किल्लीची फाइल सहसा त्याच फोल्डरमध्ये पडलेली असते.

मिरर लावताना ‘मिररऑफ’मध्ये तारांकन द्या. नुसतं ‘सेंट्रल’ लिहिलंत तर पोममधल्या (प्रोजेक्टच्या मेव्हन फाइलमधल्या) बाकीच्या रिपॉझिटरी थेट बाहेर जायला बघतील आणि बिल्ड तिथेच लटकेल.