उंटातला सर्रा: काचपट्टी की कार्ड चाचणी?

ब्रिटिश पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 साली आजच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माईल खान इथे सर्राचा, म्हणजे उंटाला ताप आणून खंगवणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, परजीवी शोधला तो सूक्ष्मदर्शकातून, आणि ती पद्धत आजही टिकून आहे. उंटाच्या कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं, काचेवर ठेवायचं. लंबगोल तांबड्या पेशींना ढुशा देत वळवळणारा जीव दिसला, की निदान पक्कं, खर्चही नगण्य. पण जुनाट आजारात परजीवी रक्तात कधी असतात, कधी जवळपास नसतातच. उंट खंगत जातो, काचपट्टी मात्र कोरी.

कार्ड चाचणी परजीवी नाही, तर त्याच्याविरुद्ध उंटाच्या शरीराने बनवलेली प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी शोधते. निळ्या रंगाचे मृत परजीवी आणि रक्तद्रव कार्डावर मिसळून पाच मिनिटं फिरवले, की अँटिबॉडी असल्यास निळ्या गुठळ्या दिसतात. लपलेला संसर्गही असा सापडतो. मात्र उपचारानंतरही अँटिबॉडी बरेच महिने राहतात, त्यामुळे बरा झालेला उंटही आजारी ठरू शकतो. शिवाय अभिकर्मक, म्हणजे ते निळे मृत परजीवी असलेलं रसायन, थंड ठेवावा लागतो, आणि थरच्या वाळवंटात ते सोपं नाही.

माझं मत स्पष्ट आहे: ताप आलेल्या उंटाची आधी काचपट्टीच करा. अख्खा कळप तपासायचा असेल किंवा नवा उंट कळपात घ्यायचा असेल, तर कार्ड. आणि काचपट्टी कोरी आली म्हणून खंगलेल्या उंटाला कृपा करून निरोगी म्हणू नका.