फेब्रुवारीतलं हिरवं शेत

त्या फोटोत भाताचं शेत होतं. हिरवंगार, बांधापर्यंत पाणी भरलेलं, पुढे पारंपरिक पोशाखातल्या बायकांची रांग आणि मागे पाइनचे डोंगर. खाली लिहिलं होतं, ‘झिरो व्हॅली, अपातानी उत्सव, १४ आणि १५ फेब्रुवारी’.

माझं गाव चिपळूणजवळचं. भात कधी लावतात, कधी पोटरीवर येतं आणि कधी कापतात हे मला शाळेच्या आधीपासून माहीत आहे. थंडीच्या मुलखात, ऐन फेब्रुवारीत एवढं हिरवं भात कुठून येईल, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. ‘काय सुंदर आहे हो!’ म्हणून मी तो फोटो साडूंना पुढे पाठवला.

तो फोटो ज्या सहलीच्या जाहिरातीत होता, ती दहा दिवसांची. गुवाहाटीहून गुवाहाटीपर्यंत. काझीरंगात तीन सफारी, शिवाय हत्तीवरून एक. जोरहाटजवळ ब्रिटिशकालीन चहामळ्याच्या बंगल्यात दोन रात्री, पानं खुडण्यापासून चहा बनेपर्यंत सगळं दाखवणार. मग अरुणाचलात झिरो आणि तिथल्या अपातानी जमातीचा उत्सव. माणशी ५२,००० रुपये. आम्ही दोघं, मेहुणी आणि साडू, म्हणजे २,०८,०००. विमानाची तिकिटं आमची आम्ही काढली होती, तेवढंच नशीब.

विकणारा आपल्यातलाच. ज्येष्ठ नागरिकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी त्याचा नंबर टाकला होता. फोनवर इतका लाघवी की बोलायची सोय नाही. ‘काका, तिकडे आपलं माणूस सोबत असलेलं बरं. जेवणात वरणभात मी सांगून ठेवतो.’ या वरणभातावर आमची हिची सगळी चौकशी संपली. माझी तर सुरूच झाली नव्हती. मी तेहतीस वर्षं बँकेत काढली. ‘पैसे पाठवताना खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा’, हे काउंटरवर हजारो लोकांना सांगितलं. इथे यूपीआयवर कंपनीच्या नावाऐवजी भलत्याच बाईचं नाव आलं, तेव्हा तो म्हणाला, ‘मिसेसचं खातं आहे काका, जीएसटीची भानगड नको म्हणून.’ आणि मी बटण दाबलं! निम्मे बुकिंगला, निम्मे निघायच्या आठ दिवस आधी, ‘हॉटेलं लॉक करायला’. पावती म्हणून एक पीडीएफ आला. त्यावर ना नोंदणी क्रमांक, ना पत्ता.

गुवाहाटीला गाडी वेळेवर हजर होती. लिहिताना हे मुद्दाम सांगतो, कारण सगळंच खोटं असतं तर आम्ही तिथूनच परत फिरलो असतो. गाडी होती, पहिल्या दोन रात्री हॉटेल होतं, गरम पाणीसुद्धा होतं. चालक आसामी, तिशीतला. आम्ही त्याला दादा म्हणायला लागलो आणि तोही साडूंना दादाच म्हणायचा. आसामीतही तोच शब्द आहे.

काझीरंगात कोहोराला पोचलो त्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या हत्तीच्या सफारीची चौकशी करायला गेलो. यादीत आमची नावं नाहीत. जीपची चौकशी केली, तिथेही नाहीत. एजंटला फोन लावला तर म्हणे, ‘काका, सर्व्हर डाउन असेल, तुम्ही आत्ता भरा, मी अ‍ॅडजस्ट करतो.’ हत्तीच्या जागा भरून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी रोख पैसे भरून बागोरीच्या बाजूने एक जीप मिळाली. तीन सफारींची एक झाली आणि तीही आमच्याच खिशातून.

ती एक मात्र विसरणार नाही. हिवाळ्यात तिथे गवत जाळतात, त्यामुळे फेब्रुवारीत लांबवर दिसतं. रस्त्यापासून वीसेक पावलांवर गेंडा उभा होता, अंगावर वाळलेल्या चिखलाची पुटं, कानाभोवती माश्या. शेजारी शेणाचा कमरेएवढा ढीग. गेंडे एकाच ठिकाणी येऊन शेण टाकतात, हे जीपवाल्याने सांगितलं. ताडोब्याची सवय असलेले साडू ‘वाघ कुठाय?’ करत होते. एजंटने ‘वाघ हमखास’ असं लिहूनच दिलं होतं. जीपवाला हसला. या उंच गवतात वाघ भरपूर आहेत, पण दिसण्याची खात्री जो देतो त्याने हे रान पाहिलेलंच नाही, असं तो म्हणाला.

चहाचं तर विचारूच नका. जोरहाटला बंगल्याऐवजी बसस्टँडकडच्या रस्त्यावरचं एक लॉज. खोलीच्या भिंतीवर चहामळ्याचं कॅलेंडर होतं, तेवढाच काय तो मळ्याचा संबंध. सकाळी दादाने आपणहून एका मळ्याच्या कडेला गाडी थांबवली. शिरीषाच्या सावलीत झुडपं ओळीने उभी होती, पण छाटलेली. वरून सपाट कापलेल्या काड्या, क्वचित एखादा कोवळा फुटवा. खुडणारी एक बाई नाही. फाटकावरच्या माणसाने सांगितलं, थंडीत खुडणी बंद असते, कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती चालते, मार्चमध्ये पहिली पालवी आली की या. म्हणजे ‘पानं खुडण्यापासून चहा बनेपर्यंत’ जे आम्हाला विकलं होतं, ते त्या दिवसांत आसामात कुणीच दाखवू शकलं नसतं.

त्याच लॉजमध्ये दुसऱ्या सकाळी मॅनेजरने बिल पुढे केलं. फक्त एका रात्रीचे पैसे आले होते. एजंटचा फोन बंद. दादा बाहेर गाडी पुसत होता, त्याला विचारलं तेव्हा कळलं की त्यालाही दहा दिवसांच्या भाड्यापैकी फक्त पाच हजार मिळाले होते, आणि दोन दिवस तो डिझेल स्वतःच्या पैशांनी टाकत होता. आम्हाला सांगितलं नाही कारण ‘तुमचा मूड जाईल’. तो तिथेच गाडी वळवून निघून गेला असता तर त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. आम्ही भाडं पुन्हा ठरवलं आणि निघालो. दोनदा पैसे देत होतो, पण सांगणार कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

खरी भीती वाटली ती आसाम-अरुणाचलच्या हद्दीवर, बांदरदेवाच्या फाटकावर. अरुणाचलात शिरायला आपल्याला, म्हणजे भारतीय नागरिकांनाही, इनर लाइन परमिट लागतं. हा नियम इंग्रजांच्या १८७३ च्या रेग्युलेशनपासून चालत आलेला. एजंटने त्यासाठी माणशी १,५०० रुपये वेगळे घेतले होते आणि चार पीडीएफ पाठवले होते. मी ऐटीत प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातले होते. फाटकावरच्या पोलिसाने दोन कागद शेजारी शेजारी धरले, बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या आणि साडूंच्या परवान्यावर एकच क्रमांक. मेहुणीच्या कागदावर तारखेचा ठसा बाकी अक्षरांपेक्षा जाड. हे चार कागद माझ्या फोल्डरमध्ये आठवडाभर होते. मी एकदाही शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

बनावट परवाना घेऊन फाटकावर उभं राहणं काय असतं, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. ही तर रडायलाच लागली. पोलिसाने आमची वयं बघितली असावीत. त्याने कागद काढून घेतले, नोंद केली आणि मोबाइलवर राज्य सरकारच्या संकेतस्थळावर नवीन अर्ज कसा करायचा ते दाखवलं. आधार, फोटो, कुठे जाणार, कुठे राहणार, बस. शुल्क एजंटने उकळलेल्या रकमेच्या जवळपासही नव्हतं. आसामच्या बाजूला एका लॉजवर रात्र काढली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परवाने आले. पोटिन, याझाली करत झिरोला पोचेपर्यंत काळोख झाला.

सकाळी पडदा सरकवला. समोर तेच डोंगर, तेच पाइन, तेच बांध. आणि मध्ये कापलेल्या भाताची धसकटं, त्यावर पांढरं दंव. मैलभर सगळं तपकिरी. मी फोन काढला, फोटो उघडला, खिडकीशी धरला. हिला हाक मारली. ती काहीच बोलली नाही, नुसती फोनकडे आणि शेताकडे आळीपाळीने बघत राहिली.

खाली चुलीपाशी घरमालकीण होती. अरुणाचलात हिंदी बहुतेकांना येतं, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती. मी विचारलं, ‘आंटी, उत्सव कुठे आहे?’ तिला कळेना. कुठला उत्सव? फोटो दाखवला. तिने क्षणात ओळखलं. ‘ये तो द्री है. जुलाई.’ द्री ५ जुलैला असतो, पिकाला कीड लागू नये म्हणून; त्या दिवशी काकडी वाटतात. जानेवारीतला मुरुंग होऊन गेला होता. म्योको यायचा होता मार्चमध्ये, आणि तो गावांच्या गटांमध्ये आळीपाळीने फिरतो. २६ फेब्रुवारीला न्योकुम असतो, पण तो शेजारच्या न्यिशी जमातीचा, अपातानींचा नव्हे. एका कप चहाच्या वेळात तिने मला अख्ख्या वर्षाचं पंचांग सांगितलं. आमच्या दोन लाखांच्या कार्यक्रमपत्रिकेतली तारीख त्यात कुठेच बसत नव्हती.

मग मी ‘फेस्टिव्हल व्हीआयपी पास’ काढून दाखवले. माणशी ३,००० रुपयांचे, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट कुरिअरने आलेले. तिने ते उलटसुलट करून बघितले आणि सुनेला बोलावून दाखवले. दोघी हसल्या. म्योकोला पाहुणा दारात आला की त्याला आत घेऊन खायला-प्यायला देतात, पास कसला? हसू कुचेष्टेचं नव्हतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गणपतीत आमच्या घरी दर्शनाला येणाऱ्याकडे कुणी तिकीट मागितलं असतं, तर आम्हीही असंच बघितलं असतं.

त्या घरात आम्ही दोन रात्री राहिलो, सरळ तिला पैसे देऊन. एजंटचं तिथे बुकिंग नव्हतंच. दादाने कुणालातरी विचारून ते घर शोधलं होतं. परतल्यावर जो तो विचारतो, ‘तिकडचे लोक लुबाडतात का?’ या प्रश्नाचा आता राग येतो. लुबाडलं ते इथल्याने, शुद्ध मराठीत, काका-काका करत.

घरी, ठाण्याला आल्यावर तक्रारीची गंमत सुरू झाली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे जाऊन महिना उलटला होता. असा फोन पहिल्या काही तासांत केला तरच खात्यातली रक्कम थांबवता येण्याची आशा असते. पोलीस ठाण्यात म्हणाले, ‘गाडी मिळाली, हॉटेल मिळालं, मग फसवणूक कसली? हा सेवेतल्या त्रुटीचा मामला आहे.’ अर्धवट सेवा देण्यातला डाव तेव्हा कळला. सगळे पैसे घेऊन पळणारा चोर ठरतो. चार दिवस फिरवून आणणारा फक्त ‘त्रुटी’ करतो. बनावट परवान्यांचा मुद्दा लेखी मांडल्यावर मात्र अर्ज घेतला गेला.

दुसरीकडे ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एजंट कुठलाही असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कागदपत्रं कोणती लागतील ते नीट सांगितलं. माझ्याकडे सगळे मेसेज होते, लॉजची बिलं होती, ते हास्यास्पद पासही होते. वकिलाची नोटीस गेल्यावर ४०,००० परत आले, त्याच बाईच्या खात्यातून. बाकीच्यासाठी तारखा चालू आहेत.

कुणी ईशान्येकडे जायचं म्हणतं तेव्हा मी त्याच्याकडची कार्यक्रमपत्रिका मागून घेतो आणि पेन घेऊन बसतो. परवाना स्वतः काढा, दहा मिनिटांचं काम आहे. सफारीचे पैसे भरले असं कुणी सांगितलं तर नावानिशी पावती मागा. उत्सवाची तारीख त्या गावातल्या एखाद्या घरी फोन करून विचारा; होमस्टेवाल्यांचे नंबर सहज मिळतात. बाकी सांगून कुणी ऐकतं असं नाही. ‘आमचा एजंट ओळखीचा आहे हो’, हे मी आत्तापर्यंत तिघांकडून ऐकलं.

परवा त्याच ज्येष्ठांच्या ग्रुपवर नवी जाहिरात आली. नंबर वेगळा, कंपनीचं नाव वेगळं. ‘नागालँड-अरुणाचल, आदिवासी उत्सव विशेष, डिसेंबर’. खाली फोटो. बांधापर्यंत पाणी, बायकांची रांग आणि हिरवंगार भात.