रात्रीचं डायपर सोडताना घेतलेला वॉटरप्रूफ मॅट्रेस प्रोटेक्टर आणि धुवायचे पॅड, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

घेतलं काय ते आधी सांगते. एक अख्खी गादी झाकणारा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर, कडेने इलॅस्टिकवाला, वरून टॉवेलसारखं सुती कापड आणि खालून टीपीयूचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मऊ लवचिक प्लॅस्टिकचा, पातळ थर. आणि सोबत दोन शोषून घेणारे पॅड, म्हणजे चादरीच्या वर कमरेच्या जागी आडवे टाकायचे, दोन्ही बाजूंना लांब फडके असतात ते गादीखाली खोचायचे. मुलगी तीन वर्षांची, दिवसाचं पॉटी ट्रेनिंग कधीच झालंय, खेळाच्या नादात एखाद्या वेळी चड्डी ओली होते तेवढंच. सकाळी डायपर बऱ्याचदा कोरडं निघायला लागलं म्हणून रात्रीचंही काढायचं ठरवलं आणि हे सामान मागवलं.

घेण्याआधी मी जे रिव्ह्यू वाचले त्यात बरेच जण एक स्टार देऊन लिहितात की "प्रोटेक्टर लावूनही मूल रात्री शू करतंच". अहो पण ते प्रोटेक्टरचं कामच नाही ना. हे मला फार मनापासून सांगायचंय कारण यावरून पोरांना उगाच बोलणी बसतात. रात्री कोरडं राहणं हे दिवसाच्या ट्रेनिंगसारखं शिकवून येत नाही. रात्री शरीरात व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन वाढायला लागतं, त्याने लघवी कमी तयार होते, ते प्रत्येक मुलाचं वेगळ्या वयात सुरळीत होतं. शिवाय मूत्राशय पुरेसं मोठं व्हायला लागतं आणि ते भरलं की मेंदूला झोपेतून जाग यायला लागते. या तिन्ही गोष्टी जमल्या की मूल कोरडं. यातली एकही गोष्ट रागावून, बक्षीस लावून किंवा चार्टवर स्टिकर चिकटवून लवकर येत नाही, झोपेत असलेल्या लेकराने करायचं तरी काय. डॉक्टरसुद्धा पाच वर्षांच्या आधी याला त्रास म्हणून धरतच नाहीत, आणि पाच वर्षांच्या मुलांमध्येही साधारण १५ टक्के मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, पुढे दरवर्षी त्यातली बरीच आपोआप थांबतात. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त दिसतं. आणि घराण्यातही असतं हे, आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी असेल तर मुलाला असायची शक्यता ४० टक्क्यांच्या पुढे, दोघांना असेल तर ७० च्याही वर. मी हे घरी बोलून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा पहिलीत जाईपर्यंत गादी भिजवायचा, आम्ही रोज वाळत घालायचो." नवऱ्याला हे माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून घरातलं वातावरणच मोकळं झालं.

तर मग प्रोटेक्टरचं काम काय, तर रात्री दोन वाजता सगळ्यांना पाच मिनिटांत परत झोपता येणं. त्या हिशोबाने मी रिव्ह्यू लिहितेय.

आम्ही अंथरूण दोन थरात घालतो आणि हा या सगळ्यातला सगळ्यात मोठा फायदा आहे. गादीवर प्रोटेक्टर, त्यावर चादर, त्यावर एक पॅड, मग दुसरी चादर आणि दुसरा पॅड. रात्री मुलगी उठून बसते आणि म्हणते, "आई, चादर गार झाली." मी म्हणते "काही नाही बाळा, बदलू." वरचा पॅड आणि वरची चादर एकत्र गोळा करून काढायची, खाली कोरडं अंथरूण तयारच असतं. कपाट उघडायचं नाही, मोठा लाईट लावायचा नाही, इलॅस्टिकचा कोपरा गादीला चढवत बसायचं नाही. उशाशी एक चड्डी आणि पायजमा घडी करून ठेवलेला असतो, तिचे कपडे बदलले की ती परत आडवी. नुसता प्रोटेक्टर घेतला आणि पॅड नाही घेतला तर गादी वाचते खरी पण रात्री अख्खी चादर काढायला लागते, म्हणून दोन्हीपैकी एकच घ्यायचं असेल तर मी म्हणेन आधी पॅड घ्या, आणि तेही दोन, एक धुवायला गेला की दुसरा अंथरता आला पाहिजे.

शोषण्याबद्दल. मुलांच्या मूत्राशयात किती मावतं त्याचा डॉक्टर लोक एक ढोबळ हिशोब वापरतात, वयात एक मिळवायचा आणि ३० ने गुणायचं, तेवढं मिली. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाचं १२० मिली, पाच वर्षांच्या मुलाचं १८०. तेवढं एका दमात येतं आणि वर मूल त्याच्यावरच झोपलेलं असतं, त्याच्या वजनाने दाबलं जातं. इथे पॅडच्या आतलं कापड कुठलं यावर सगळं आहे. आतून मायक्रोफायबर असेल तर ते पटकन शोषतं पण दाबलं की पिळल्यासारखं बाहेर सोडतं, त्याच्यामुळे कडेने गळतं. सुती किंवा बांबूच्या कापडाचा थर असेल तर जरा हळू शोषतं पण धरून ठेवतं. आमचा पॅड सुती आतला आहे. नवीन असताना मी बाथरूममध्ये त्याच्यावर पेलाभर पाणी ओतून बघितलं तर पाणी थेंबाथेंबाने वरच तरंगत होतं, जिरेचना, मला वाटलं माल खराब आलाय. पण नवीन सुती कापड तीन-चार धुण्यांनंतरच नीट शोषायला लागतं. त्याच्यानंतर तेवढंच पाणी ओतलं तर डाग पसरायच्या आधीच आत गेलं आणि वरून हात फिरवला तर नुसतं दमट. त्यामुळे आल्या आल्या लगेच अंथरू नका, दोन-चारदा धुऊन घ्या मग काय ते ठरवा.

बाळ असतानाची फेल्टसारखी ड्राय शीट आमच्याकडे होती, तीही मधे काही दिवस वापरून बघितली. तान्ह्या बाळाच्या थोड्याशा शूला ती ठीक आहे. तीन वर्षांच्या मुलाला अजिबात पुरत नाही, ओल तिच्यावर पसरत कडेपर्यंत जाते आणि बाजूची चादर, पायजमा, पांघरूण सगळं भिजतं.

प्रोटेक्टरचा आवाज होतो का, गरम होतो का, हे सगळेच विचारतात. टीपीयूचा असेल तर आवाज जवळजवळ नाही, वाफ थोडी बाहेर जाते पण पाणी खाली जात नाही, त्याच्यामुळे पाठीला घाम येऊन चिकचिक होत नाही. प्लॅस्टिकच्या शीटचा, म्हणजे पीव्हीसीवाल्याचा, कूस बदलली की चुरचुर आवाज येतो आणि गरमही होतो. झोप मोडणाऱ्या मुलाला तो नकोच. पण टीपीयूलाही उष्णता चालत नाही हे लक्षात ठेवा. कडकडीत पाणी, ड्रायरची जास्त हीट, इस्त्री, यातलं काहीही केलं की थर कापडापासून सुटतो, आधी फुगे आल्यासारखं दिसतं आणि मग तिथूनच गळायला लागतं. आम्ही ४० डिग्रीवर धुतो, जोरात पिळत नाही, आणि वाळत घालताना कापडाची बाजू उन्हाकडे, रबरी बाजू आत. इतक्या महिन्यांनंतर प्रोटेक्टर एकदम व्यवस्थित आहे. एका पॅडच्या कोपऱ्याला शिलाईपाशी थर किंचित सुटलाय, उजेडात धरलं तर दिसतं, पण तो कोपरा गादीखाली खोचलेला असतो म्हणून अजून काही फरक पडलेला नाही. विकत घेताना शिलाई फक्त कडेलाच आहे ना ते जरूर बघा, काही पॅडना मधोमध क्विल्टिंगची, म्हणजे गोधडीसारखी, शिलाई खालच्या थरातून आरपार मारलेली असते, प्रत्येक टाक्याला भोक, तो पॅड गळणारच.

धुण्याचं अजून एक, कारण वासाने बरेच जण हैराण होतात. ताज्या लघवीला एवढा वास नसतो, त्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात तेव्हा तो उग्र दर्प येतो. म्हणून सकाळी उठल्या उठल्या गार पाण्यातून एकदा खळबळून घ्यायचं, मग मशीनला दुपारी लावलं तरी चालतं. रात्रभर बादलीत बोळा करून ठेवला की संपलं. तरी वास राहिला तर शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालते मी. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र मात्र चुकूनही नाही, आणि लघवीच्या कपड्यांवर नुसतं ब्लीचसुद्धा नाही, विषारी वायू तयार होतो. फॅब्रिक कंडिशनर पण बंद, त्याचा थर कापडावर बसतो आणि पॅड शोषायचं सोडतो.

आता रात्रीच्या पुल-अपशी, म्हणजे चड्डीसारखं चढवायच्या डायपरशी, तुलना, कारण हे घ्यायचं का ते घ्यायचं हाच खरा प्रश्न असतो. पुल-अपमधलं जेल स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओल धरतं, मुलाला ओलं लागतच नाही. प्रवासात, मूल आजारी असताना, किंवा रोजच रात्री ओलं होत असेल तर पुल-अपच बरं, त्यात मुलाला कमीपणा वाटेल असं घरात कोणी बोलू नये एवढंच. रोज रात्री चादर बदलायला लागत असेल तर त्याचा अर्थ शरीर अजून तयार नाही, डायपर परत घालावं, काही महिन्यांनी परत बघावं. सकाळी सलग बरेच दिवस कोरडं निघत असेल तेव्हाच हे पॅडचं सामान कामाला येतं, अधूनमधून होणाऱ्या शूसाठी.

बाकी आम्ही काय केलं तेही थोडक्यात. पाणी तोडलं नाही, दिवसभर भरपूर प्यायला देतो आणि झोपायच्या आधीचा तास-दीड तास कमी. कॅफीन असलेलं काही संध्याकाळी नाही. झोपायची तयारी सुरू करताना एकदा शू आणि गोष्ट झाल्यावर अगदी आडवं व्हायच्या आधी परत एकदा, याचा खरंच फरक पडतो. खोलीत छोटा नाईट लॅम्प आणि पॉटी पलंगाशेजारीच. झोपेत उचलून नेऊन शू करून आणणं बरेच जण करतात, त्याने त्या रात्रीची चादर वाचते, पण मूल अर्धवट झोपेत असतं म्हणून त्याने ते लवकर कोरडं राहायला लागतं असं नाही. आणि एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही ती म्हणजे बद्धकोष्ठ. शी साचलेली असली की आतडं मूत्राशयावर दाबतं, मावणारी जागा कमी होते. आमच्याकडे ज्या आठवड्यात पोट साफ नसायचं त्याच आठवड्यात पॅड जास्त भिजायचे, पोट ठीक झालं की परत कोरड्या रात्री. पॅड घेण्याआधी हे बघा असं मी म्हणेन.

ओलाव्याने वाजणारे अलार्म पण मिळतात, कोणी सुचवलं तर एवढ्या लहान मुलाला नको. ते साधारण पाच ते सात वर्षांच्या पुढच्या आणि स्वतःला कोरडं राहायची इच्छा असलेल्या मुलांसाठी असतात, दोन-तीन महिने नेटाने लावावे लागतात, आणि बऱ्याचदा मूल सोडून बाकी सगळं घर जागं होतं. गोळीबद्दल काही असेल तर ते डॉक्टरांचंच काम. आणि मूल सहा महिने किंवा जास्त छान कोरडं होतं आणि अचानक परत सुरू झालं, किंवा शू करताना जळजळ, दिवसाही थेंब थेंब गळणं, खूप तहान लागून वजन उतरणं, जोरात घोरणं असं काही असेल तर चादरी बदलत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. इन्फेक्शन, साखर, झोपेतला श्वासाचा त्रास अशी कारणं असू शकतात.

सध्याची परिस्थिती अशी की बहुतेक रात्री कोरड्या असतात, दमलेली असली किंवा सर्दी-खोकला असला की एखादी ओली. मुलगी स्वतःच सकाळी ओला पॅड ओढत बाथरूमपर्यंत नेते, तिला कोणी सांगितलेलं नाही.

रेटिंग द्यायचं तर प्रोटेक्टरला पूर्ण पाच, पॅडला चार, तो एक कोपऱ्याचा थर सुटला म्हणून. पॅडचं माप मात्र मोठं घ्या, झोपेत गोल फिरणारं मूल असेल तर छोटा पॅड कमरेखाली राहतच नाही, आणि बाजूचे फडके गादीखाली नीट एक हातभर जातील इतके लांब हवेत नाहीतर सकाळपर्यंत पॅड पायाशी गोळा होतो. आमचा दुसरा पॅड खराब झाला की हाच, एक माप मोठा घेणार.