गवत भिजवायची नायलॉनची जाळी : आठ महिने वापरल्यावर

आमची घोडी वरातीची, चौदा वर्षांची. मागच्या परतीच्या पावसात ताडपत्री फाटली आणि धुऱ्यावरच्या गवताची गंजी आतून भिजली. दिवाळीनंतर पेंढी सोडली की पांढरा धूर उडायचा. मला शिंका, घोडीला खोकला, मग धाप. उभ्या उभ्या पोट भात्यासारखं चालायचं. मिनिटाला २८ श्वास मोजले. निवांत घोड्याचे ८ ते १६ असतात. डॉक्टर म्हणाले, बुरशीच्या धुळीची ॲलर्जी, घोड्याचा दमाच. इंजेक्शननं उतरेल, पण चारा तोच राहिला तर पुन्हा येईल.

तेव्हा ही जाळी ऑनलाइन मागवली. गवत भरायचं, २०० लिटरच्या ड्रमात अर्धा तास बुडवायचं, निथळलं की द्यायचं. तीन आठवड्यांत श्वास १४ वर आले. इंजेक्शनंही चालू होती, त्यामुळे सगळं श्रेय जाळीला देत नाही.

पण फोटोत दाखवतात तशी खुंटीला उंच टांगली आणि खोकला परत वाढला. घोडं मान खाली घालून चरणारं जनावर. मान खाली असली तरच छातीतला कफ नाकावाटे गळतो. खाली बांधली तर एकदा पुढचा पाय अडकला, घोडीनं गोठा डोक्यावर घेतला. आता जाळी फक्त बुडवायला, खायला जमिनीवर घमेलं.

मे महिन्यात खरी परीक्षा. सकाळी भिजवलेलं दुपारी आंबट वास मारतं आणि वाळलं तर धूळ पुन्हा मोकळी. थोडं थोडं, दिवसातून तीनदा भिजवावं लागलं. वापरलेलं पाणी दुसऱ्यांदा चालत नाही, ते कडुलिंबाला. पाण्याची टंचाई असलेल्या गावात हे जड जातं, राजेहो.

काळं पडलेलं, कुबट गवत मात्र भिजवूनही देऊ नका. पाण्यानं धूळ बसते, बुरशीचं विष धुतलं जात नाही. शेजारचे काका बुरशी धरलेला मका फुकट देत होते. तो तर घोड्याच्या मेंदूवर जातो. अर्धी गंजी मी उकिरड्यावर टाकली, जीव हळहळला.

आणखी एक, हे उशिरा कळलं : घोडीचं गवत ओलं, पण बाजूच्या दावणीवर बैलांना सोयाबीनचं कोरडं कुटार! धूळ तिथूनच यायची. आता त्यावरही पाणी शिंपडतो.

सातव्या महिन्यात जाळीच्या तळाच्या गाठी सुटल्या, सुतळीनं बांधल्यात. दुसरी घेईन, पण जाड दोरीची. यंदाची गंजी लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच रचणार आहे.