थकलेलं क्रेडिट कार्ड, वसुलीचे फोन आणि बिलातले ३९ रुपये: काही महिन्यांच्या वापरानंतर

मिनिमम ड्यू, बिनव्याजी दिवस वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. कार्ड एका खासगी बँकेचं. थकल्यावर त्याचा हिशेब कसा चालतो, तेवढंच लिहितो.

आधी ते ३९ रुपये. थकबाकी ३८,००० आणि व्याजदर महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के असेल तर ३० दिवसांचं व्याज ३८,००० × ४२ टक्के × ३० ÷ ३६५, म्हणजे १,३१२ रुपये. त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी २३६. लेट फी ७५० धरली तर तिचा जीएसटी १३५. महाग आहे, पण करारात आहे. पुढच्या बिलात मात्र लेट फी आणि दोन्ही जीएसटी, असे १,१२१ रुपये मुद्दलात मिसळले जातात आणि त्यांच्यावरही व्याज लागतं. तेच ३९ रुपये. न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात धरून व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून मनाई केली आहे. मग हे ३९ रुपये का द्यायचे? शिवाय लेट फी दर महिन्याला नवी पडते, त्यामुळे चुकीचा पायाही दर महिन्याला फुगतो.

सुरुवातीला सगळा राग वसुलीवाल्यांच्या फोनवर निघतो. आता माझं मत बदललंय. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही; कॉल लॉगचा स्क्रीनशॉट बँकेच्या तक्रार विभागाला पाठवला की तोच पुरावा होतो. खरी अडचण आकड्याची. एजंटच्या यादीत फक्त एकूण थकबाकी असते, फोड नसते, आणि ती बदलायचा अधिकारही त्याला नसतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका.

बँकेला ईमेल करून मुद्दल, व्याज, लेट फी आणि जीएसटी महिनावार वेगळं मागा. देय तारखेनंतर तीन दिवसांच्या आत भरलेल्या बिलावर लेट फी लागली असेल तर तीही काढायला लावा. लेट फी फक्त देय तारखेनंतर उरलेल्या रकमेवर लागते, पूर्ण बिलावर नाही. फाइल वसुली एजन्सीकडे जायच्या आधीच तक्रार नोंदवलेली बरी, कारण तक्रार निकाली निघेपर्यंत प्रकरण वसुलीला देऊ नये असं बँकांना बजावलेलं आहे.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जा. फी नाही. बँकेकडची तक्रार जोडली नाही किंवा ३० दिवसांआधीच घाई केली, तर अर्ज परत येतो. ‘व्याजदर फार आहे’ असं लिहूच नका. कार्डाच्या व्याजावर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने घातलेली वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली आहे. ओळ, तारीख, रक्कम आणि वरचं गणित लिहा.

वाद चालू असताना वाद नसलेली रक्कम भरत राहा, तीही बँकेच्या ॲपमधून, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. थोडीथोडकी रक्कम आधी कर, शुल्क आणि व्याजात जिरते, मुद्दल तसंच राहतं. म्हणून जमेल तेवढी मोठी रक्कम एकदम भरा. कमी रकमेत तडजोड करायचीच असेल तर पैसे देण्याआधी बँकेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र घ्या. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलं) असा शेरा नको असेल तर पूर्ण भरणा करून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र घ्या.